शेततळ्यातले गॅसगोळे

४ डिसेंबर २०२३
घाटी दवाखान्यातून आत्ता आले. आमच्या ह्यांच्या — इब्राहीमच्या — दोन्ही हातांवर लिंबाएवढे फोड! परवा तात्यासाहेबांचं शेततळं खोदताना जेसीबीच्या बकेटात गंजलेले लोखंडी गोळे आले. हे खाली उतरले अन् हातानंच बाजूला सारले. काहीतरी तेलकट लागलं. संध्याकाळपर्यंत काहीच नाय. मग नुसती आग! डॉक्टर म्हणाले, विषारी गॅसचे जुने तोफगोळे असणार. इंग्रजांच्या काळात तिथं चांदमारी होती म्हणतात, तोफांच्या सरावाची.

७ डिसेंबर
नळावर गोजरबाई सगळ्यांदेखत ओरडली, “तुझ्या नवऱ्यानं गावाचं मरण उकरून काढलं!” हंडा तिथंच टाकून आले. सोळा वर्षं आरोग्य खात्याची आशाताई म्हणून राबते. हिच्या तिन्ही सुनांना कळा सुटल्या तेव्हा गंगापूरला कोण घेऊन गेलं? मीच!

१२ डिसेंबर
शाळेत सभा. शहरातून गोळे नष्ट करणारे साहेब आले. “गोळे झिरपायला लागलेत, रस्त्यानं हलवणं धोक्याचं. इथंच बंद पोलादी पेटीत फोडून नष्ट करू.” सरपंच विश्वजीत माना डोलवत होता. त्याचं काय जातंय — घर लांब, पैठण रोडला!
मी उठले. “वारा कुठून कुठं वाहतो, बघितलंत? शाळा त्याच अंगाला आहे.”
साहेब हसला. “ताई, ते तज्ज्ञांवर सोडा.”
सोडते! नवऱ्याच्या हातांची सालं निघतायत अन् मी सोडते!

१३ डिसेंबर
त्या साहेबाचं तोंड बघायचं नाय.

२० डिसेंबर
बायकांनी रस्ता अडवला. पेटीचा ट्रक तीन तास उभा. शेवटी साहेब खाली उतरला. “काय पाहिजे तुम्हाला?” सांगितलं — काम चालू असताना शाळा बंद. गावाला ऐकू जाईल असा भोंगा. विहिरींचं पाणी आधी अन् नंतर तपासायचं. अन् गावातलं एक माणूस तुमच्या तंबूत, गॅस मोजायच्या यंत्राजवळ.
“त्यांना काय कळणार?”
“मग शिकवा!”
गोजरबाई आली नाय. दारातून बघत होती.

३ जानेवारी
तंबूत मीच बसते. चार दिवस शिकवलं — मुखवटा कसा घालायचा, हवेतल्या गॅसचा आकडा कसा वाचायचा. साहेब माझ्या डोक्यावरून दुसऱ्यांशी बोलतो. विश्वजीत माझ्याबद्दल गावभर सांगतो, गौहरला मिरवायची लई हौस.

१० जानेवारी
आकडा चढला! मी म्हणाले, थांबवा. साहेब म्हणाला, “यंत्र बिघडलं असेल.” मी भोंगा दाबला.
अख्खा गाव माळावर, दोन तास उन्हात. शिव्या मलाच! तव्यावर भाकरी राहिली, शेळी बांधलेली राहिली… गोजरबाईचा आवाज सगळ्यांत मोठा.
पेटीच्या दाराचं रबर चिरलेलं सापडलं. साहेबाचा चेहरा पांढराफटक. माफी? नाय. “बरं केलंत” — तेही जमिनीकडं बघून.

२२ जानेवारी
शेततळ्यातला शेवटचा गोळा संपला. साहेबानं कागद पुढं केला — गाव सुरक्षित, इथं सही करा. मी म्हणाले, विहिरींचे रिपोर्ट आल्याबिगर करणार नाय. विश्वजीतनं आणलेले हार टेबलावर सुकले. बरं झालं.
ह्यांचा उजवा अंगठा वळत नाय. हात बघत बसतात. “अब जेसीबी कौन देगा मेरेको?” मी मलमाची डबी उघडली.

२८ जानेवारी
रिपोर्ट चांगले आले. सही केली.

२९ जानेवारी
सकाळी गोजरबाई दारात. कडेवर नात, नातीच्या टाचेवर टपोरा फोड. “तसलाच एक गोळा आमच्या न्हाणीत हाय. सासऱ्यानं कवाधरनं रांजणाला टेकू लावलाय.” पोरीचा पाय धुतला, तिला घाटीत पाठवलं. त्यांचं घर रिकामं केलं. साहेबाला फोन केला — निघालाय.
“मावशी, आधी का नाय बोललात?”
“भ्याले, आमचं बी घर उकरतील असं वाटलं. म्हणून तर तुझ्या नावानं वरडत हुते.”