सहा नंबरचं मशीन

सोमवार, ११ जानेवारी १९९९

१. दुपारी जावाचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, वर्ग. सहा नंबरच्या मशीनवर वैजनाथ आणि माधुरी.
२. मी नवं सॉफ्टवेअर उघडून दिलं. बटणं माउसने ओढून आणायची, कोड आपोआप तयार होतो, ते.
३. पडदा वाचून दाखवणारा आवाज म्हणाला, "ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक." मग गप्प.
४. वैजनाथ एकेक कळ दाबत राहिले. आवाज परत आला नाही.
५. मी म्हटलं, "तो निळा चौकोन दिसतोय ना, त्याच्यावर—"
६. माधुरी हसली. मग वैजनाथही हसले. दोघांनाही अजिबात दिसत नाही.
७. संस्थेचे मालक, जालिंदर सर, दारातच उभे होते.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "जया मॅडम, तीस तारखेला देणगीदार येतायत. या दोघांनी काही चालवून दाखवलं तर बॅच चालू ठेवू. नाहीतर टेलिफोन ऑपरेटरच्या कोर्सला पाठवू. त्यात वाईट काय आहे?"

वाईट काही नाही. पण ते दोघं जावा शिकायला आलेत. वैजनाथ जामखेडच्या बाजूच्या खेड्यातून, बी.ए. होऊन. माधुरी काष्टीहून, बारावी होऊन.

ते सॉफ्टवेअर मीच निवडलं होतं. सगळ्यांना सारखंच हवं, म्हणून.

मंगळवार, १२ जानेवारी

मिरजगावहून आईचा फोन. सात फेब्रुवारीला, रविवारी, मुलगा बघायला येणार. बँकेत आहे, आपल्यातलाच आहे. "बरं," म्हटलं.

गुरुवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. वर्ग लवकर सुटला. सहा नंबरचा मॉनिटर बंद केला आणि स्वतः बसले. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

नवं सॉफ्टवेअर: एका खिडकीतून दुसरीत जाता येत नाही. गेले तरी कुठे आहे ते कळत नाही. बाद.

नोटपॅड: लिहिता येतं, वाचता येतं. पण कोड तपासणारा कंपायलर सांगतो, चूक अमुक ओळीवर — आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत ते नोटपॅड सांगत नाही. बाद.

डॉसचा काळा पडदा, त्यातला साधा एडिटर: तळाला ओळीचा आकडा असतो. आवाज तो वाचतो. लिहायचं, जतन करायचं, बाहेर येऊन कंपाइल करायचं. चूक आली तर आकडा ऐकायचा, परत आत जायचं. सगळं शब्दांत! ओढायचं काही नाही.

एक सरळ गणित सोडवायला मला चार-पाच वेळा आतबाहेर करावं लागलं. पण सुटलं.

माधुरीने जाताना कीबोर्डजवळ तिळगूळ ठेवला होता. मी उठेपर्यंत अंधार पडला होता, तेव्हा तो हाताला लागला.

शनिवार, १६ जानेवारी

सर म्हणाले, "काळा पडदा? देणगीदारांना काय दाखवू? ना रंग, ना बटणं! लोक म्हणतील, दहा वर्षांपूर्वीचं शिकवताय."

मी म्हटलं, जावा हीच आहे. रंग वरचा आहे.

"बघा मॅडम. तुमच्या जबाबदारीवर."

वैजनाथ ऐकत होते. नंतर विचारलं, "पडदा काळा, तर अक्षरं कसली?"

"पांढरी."

"म्हंजे पाटीच की!" त्यांची दृष्टी अकराव्या वर्षी गेली. पाटीवरची अक्षरं आठवतात. "मला वाटत हुतं, कॉम्प्युटर लई नवीन चीज हाय. पाटी तर माझी व्हती."

मी पुढचा धडा सुरू केला.

मंगळवार, १९ जानेवारी

माधुरीने आवाजाचं नाव "इंग्रज" ठेवलंय. "मॅडम, इंग्रज आज लई घाईत हाय. त्याला सांगा, आमी कुठं पळून चाललो न्हाई!"

वैजनाथचा प्रोग्रॅम चालेना. कालही नाही, आजही नाही. ओळ बरोबर, शब्द बरोबर, तरी चूक. वर्गातली डोळस पोरं मागून इंग्रजाची नक्कल करतात — "एरर! एरर!" जाताना वैजनाथ म्हणाले, "टेलिफोनचंच बरं पडंल मला."

बुधवार, २० जानेवारी

चूक माझी.

कंस आणि अर्धविराम वाचू नकोस, अशी सेटिंग पहिल्या आठवड्यात मी केली होती. बोलणं सलग ऐकू यावं म्हणून. इंग्रजी वाचताना ते ठीक. जावात एक महिरपी कंस राहिला की सगळं पडतं — आणि तो यांना ऐकूच येत नव्हता. दोन दिवस ते नसलेली चूक स्वतःच्या डोक्यात शोधत होते.

सेटिंग बदलली. सगळ्यांसमोर सांगितलं, कुणामुळे झालं ते.

वैजनाथनी ओळ परत ऐकली. शेवटचा कंस नव्हता. घातला. प्रोग्रॅम चालला.

"म्हंजे मी शाणा हाय?"

"हो."

"मॅडम, हे पण त्या पोरांसमोर सांगा की."

सांगितलं. माधुरीने टाळ्या वाजवल्या, अगदी एकटीने.

आता कंस बंद केला की दोघं शेजारी लिहून ठेवतात, कशाचा कंस संपला ते. कुणी शिकवलं नाही. डोळस पोरं त्यासाठी ओळी आत सरकवतात, हे दोघं नाव लिहितात.

शुक्रवार, २२ जानेवारी

वैजनाथनी हेडफोन मागितला. मी नको म्हटलं. आवाज ऐकू आला नाही तर ते कुठे अडले ते मला कसं कळणार? शिकवणाऱ्याला ऐकू यायला हवं. हे मी नीट समजावून सांगितलं.

ते म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पण माज्या चुका एकदा मला एकट्याला ऐकू द्या."

मग थांबून म्हणाले, "मॅडम, मला आलेलं एकबी पत्र मी पहिल्यांदा वाचलेलं न्हाई. आधी दुसरं कुणीतरी वाचतं. बी.ए.चा निकाल पोस्टमननं पारावर वाचला. मग आई-बाबा ऊसतोडीला गेल्ते, तवा एका स्थळाचा नकार आला. तो चुलत्यानं चहा पिता पिता वाचला. आख्खं घर ऐकत हुतं. मी शेवटचा."

हे ते हसत सांगत होते. मी म्हटलं, "सोमवारी बघू."

शनिवार, २३ जानेवारी

भावाकडून, सचिनकडून, त्याच्या वॉकमनचा हेडफोन मागून आणला. "गाणी कधीपासून ऐकायला लागलीस?" म्हणाला.

सोमवार, २५ जानेवारी

हेडफोनची पिन घातली की इंग्रज खोलीतून नाहीसा होतो. पोरांची नक्कल पहिल्याच तासाला बंद पडली. नक्कल कशाची करणार?

वैजनाथ काय लिहितायत मला कळत नाही. फक्त चेहरा दिसतो. चुकलं की ओठ आत घेतात. सुटलं की मान किंचित डावीकडे. मी किती वेळ बघत होते, ते त्यांना कळलं नसणार.

"मॅडम, मागं उभ्या हाय ना तुमी?"

कळलं होतं.

शनिवार, ३० जानेवारी

देणगीदार आले. वयस्कर गृहस्थ, मोठा आवाज. काळा पडदा पाहून सरांकडे वळले. "यात बटणं कुठायत?" सरांनी माझ्याकडे पाहिलं.

माधुरीचा प्रोग्रॅम नाव विचारतो आणि नमस्कार करतो. छान चालला. वैजनाथचा पाढे विचारतो. गृहस्थ म्हणाले, "आम्हाला पण ऐकू द्या की!" मी नको म्हणणार होते. वैजनाथनी स्वतःच हाताने चाचपून पिन उपटली. "ऐका साहेब. माजं चुकून झालंय आता."

इंग्रजाने मोठ्याने विचारलं, एकोणीस सत्ते किती? गृहस्थांनी ऐटीत एकशे तेवीस टाकलं.

"राँग!" सगळ्या खोलीत.

कुणी हसेना. सर तर भिंतीकडे बघायला लागले. वैजनाथनी हेडफोन उचलून पुढे धरला. "साहेब, पयल्यांदा चुकताना हे कानाला लावत जा. बरं असतंय."

आधी गृहस्थच हसले. मग सगळे. त्यांनी खरंच हेडफोन लावला आणि पुढचे पाढे मान खाली घालून सोडवत बसले. कुणाला काही ऐकू आलं नाही.

बॅच चालू राहणार. काळ्या पडद्यावरच.

मंगळवार, २ फेब्रुवारी

सरांनी वैजनाथना पुढच्या बॅचला शिकवायला ठेवलं. म्हणजे आजपासून ते माझे विद्यार्थी नाहीत.

हे वाक्य मी दोनदा लिहिलं, एकदा खोडलं.

आईचा फोन. रविवारी निळी साडी नेस म्हणाली.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

दुपारी मॉनिटर बंद करून एक फाइल लिहिली. रोमन अक्षरांत मराठी, इंग्रजाला जमेल अशी. हेडफोन लावून ऐकून पाहिली. फ्लॉपीवर घेतली, मशीनवरून पुसली. वैजनाथच्या हातात दिली आणि म्हटलं, "हेडफोन लावून ऐका." मजकूर इथे उतरवते.

वैजनाथ, हे तुमच्याआधी कुणीही वाचलेलं नाही. रविवारी मला बघायला एक मुलगा येणार आहे. त्याआधी तुम्हाला विचारायचं आहे. माझ्याशी लग्न कराल का? आमचं घर बौद्ध, तुमचं वेगळं. दोन्हीकडे रडारड होईल. ते धरूनच विचारते आहे. हो किंवा नाही, याच फ्लॉपीवर लिहा. शनिवारी, सहा तारखेला, वर्ग सुटायच्या आत उत्तर द्या. मी एकटीच ऐकेन. — जया