सकाळी आत यायचं नाही

आई, तुझा राघू अजून आहे. तुझा धाकटा लेक मात्र आता माझ्याकडे राहत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो न सांगता समजेल असं माणूस तूच एक होतीस, म्हणून तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर तुला लिहायला बसले आहे.

तू गेलीस तेव्हा शिरगावचं घर मावशीच्या हवाली करून मी बोईसरला आले, ते राघूचा पिंजरा मांडीवर घेऊनच. पालघरच्या दवाखान्यात रक्त तपासायची माझी नोकरी, इथे दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि स्वयंपाकघरात तुझा राघू. आमचं दोघांचं बरं चाललं होतं. पिंजऱ्याचं दार तू कधी लावलं नाहीस, तसं मीही लावत नसे. उजाडायच्या आधी तो जागा होतो. आधी घशातल्या घशात काहीतरी पुटपुटतो, मग वरच्या फळीवर डब्यांच्या मागे जी अंधारी जागा आहे तिथे शिरतो. रानातल्या पोपटांचे थवे ओरडत चिकूच्या वाड्यांकडे निघाले की हा बाहेर येऊन, मान ताणून त्यांना असं उत्तर देतो की सगळी बिल्डिंग उठते. मग ओट्यावर उतरतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत पहारेकऱ्यासारखा चालतो, आणि शेवटी माझ्या खांद्यावर येऊन मान हलवत हलवत चावलेले दाणे माझ्या कानाशी काढतो. तू म्हणायचीस, बघ गं, मला घास भरवतोय. मीही दवाखान्यात सगळ्यांना तेच सांगत आले.

यंदा दिवाळीनंतर धाकट्याला तारापूरच्या एका केमिकल कंपनीत नोकरी लागली. वापीला खोली करून राहून कंटाळला होता, ताईच्या हातचं जेवायला मिळणार म्हणून खूश होता. आला त्या दिवशी मनोरच्या बाजारात उतरून त्याने राघूसाठी पेरू घेतले. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला, म्हणाला, "काय बुवा, वळख हाय का?" राघूने मान वाकडी करून त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या हातून पेरू घेतला. ती संध्याकाळ होती. संध्याकाळी तो कोणाच्याही हातून पेरू घेतो.

पहिली रात्रपाळी करून तो सकाळी घरी आला, चपला काढल्या आणि पाणी प्यायला सरळ स्वयंपाकघरात शिरला. मी चहा गाळत होते. राघू ओट्यावर होता. तो ओरडला नाही, आधी थांबला. त्याची शेपटी पंख्यासारखी पसरली, आणि डोळ्यातली बाहुली खसखशीएवढी बारीक झाली, मोठी झाली, पुन्हा बारीक झाली. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग तो ओरडला आणि उडाला तो थेट धाकट्याच्या तोंडावर. मी गाळणं टाकून धावेपर्यंत त्याचा वरचा ओठ फाटला होता आणि कंपनीच्या नव्या कपड्यांवर रक्त सांडलं होतं. "अगो ताई, हा मला वळखत नाय काय?" तो तोंडावर रुमाल धरून हसत होता. मीही हसले. राघू फ्रीजवर बसून आमच्या दोघांच्या मधल्या जागेकडे बघत होता.

त्यानंतर रात्रपाळीच्या आठवड्यात रोज सकाळी तेच. पिंजऱ्याला कडी घातली तर तो चोचीने तारा आपटायचा. वर चादर टाकली तर चादरीखालून ओरडायचा. धाकट्याची खोली भिंतीपलीकडेच. तो खोकला, कूस वळला, तरी याला कळायचं आणि पुन्हा सुरू. मी दवाखान्यात गेल्यावर तरी गप्प बसत असेल असं मला वाटत होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईने एकदा जिन्यात अडवून सांगितलं, "दीदी, आपके जाने के बाद तो और चिल्लाता है. भैया सोते कब हैं?" मी घरी आल्यावर त्याला विचारलं. कानात कापूस कोंबलेला तो पलंगावर बसून होता. म्हणाला, "झोपतो गो. मधी मधी."

शिरगावला मावशीकडे गेले तेव्हा हे सगळं तिला सांगितलं. तिने हातातली सुपारी खाली ठेवली. "आगो, पाखरू उगाच बोंबलत नाय. त्याला दिसतं ते आपल्याला नाय दिसत. ह्या पोराच्या मागून काय तरी येतंय घरात. रातची पाली, त्या कंपन्यांच्या वाटेनं... दृष्ट काढ त्याची, आणि सकालचा उंबरा वलांडायच्या आधी पाय धुवायला सांग." मी रक्त तपासणारी बाई, मी हसायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कुलपात किल्ली फिरली तेव्हा मी धाकट्याकडे बघितलंच नाही, त्याच्या मागे जिन्यात बघितलं. त्याच्या कपड्यांना येणारा तो उग्र, गोडसर वास, त्याचे लाल डोळे, गळ्याशी वर आलेली हाडं. राघू चादरीखाली किंचाळत होता आणि माझ्या मनात आलं, हा कोणाला घेऊन आलाय बरोबर?

आणि मग एक सकाळ अशी आली की आवाजच नाही. मी आंघोळ करून बाहेर आले. स्वयंपाकघरात धाकटा पिंजऱ्यासमोर उभा होता. चादर खाली पडलेली, हातात माझं लोखंडी उलथनं. तो हलत नव्हता आणि राघूही हलत नव्हता. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी हाक मारली. त्याने उलथनं हळूच ओट्यावर ठेवलं, जसं काही मोडेल. "काय नाय, उगाच बघत होतो," म्हणाला आणि खोलीत निघून गेला. मागून राघू ओरडायला लागला तेव्हा मला हायसं वाटलं. त्या दिवसापासून मी दवाखान्यात जाताना स्वयंपाकघराला बाहेरून कुलूप लावू लागले. धाकट्याचं जेवण बाहेर टेबलावर झाकून ठेवायचे. त्याने कुलूप बघितलं आणि ताट उचलून आपल्या खोलीत नेलं.

मी राघूला जपत होते, आई. कोणाला जपायला हवं होतं ते मला धाकट्याबरोबर काम करणाऱ्या मुलाकडून कळलं. तो एका सकाळी धाकट्याला मोटारसायकलवरून घेऊन आला. धाकट्याचा उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला. तो मुलगा दारातच उभा राहून सांगत होता, "ताई, हा उभ्या उभ्या झोपला. वाफेच्या पायपावर हात पडला म्हणून जागा तरी झाला. दोन पावलं पुढं असता तर..." मी धाकट्याला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं, आणि राघू नेहमीप्रमाणे त्याच्यावर ओरडत राहिला.

त्याच आठवड्यात मी पालघरला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण मुलगी आहे. पिंजरा नेला नव्हता, फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. तिने आवाज बंद करून तो पुन्हा पुन्हा बघितला. पहिल्यांदा तिने हे सांगितलं की हा पक्षी घरात ठेवायला कायद्याने मनाई आहे, आणि इतक्या वर्षांनी रानात सोडला तर मरेल, तेव्हा त्याला सोडू नका, पक्ष्यांच्या केंद्रात द्या. तिथला फोन नंबरही तिने दिला. मग म्हणाली, "तो वेडा नाही आणि वाईटही नाही. थंडीत यांचा जोडीचा काळ सुरू होतो. तुमच्या फळीवरची ती अंधारी जागा म्हणजे त्याच्या लेखी झाडातली ढोली. पहाटे उठून तो ओरडतो ते बाहेरच्या थव्याला सांगायला, की ही जागा घेतलेली आहे. आणि तुम्ही त्याची मादी. तो तुम्हाला घास भरवतो ना?" मी मान हलवली. "आई समजून नाही भरवत. नर मादीला भरवतो तसं भरवतो. आता बघा, नेमक्या त्याच वेळेला रोज एक पुरुष बाहेरून येतो आणि सरळ ढोलीत शिरतो." तिने फोन परत दिला. "तुमच्या भावाच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्याने हेच केलं असतं. घरात याआधी कोणी पुरुषमाणूस होतं का?"

नव्हतं, असं मी सांगितलं. बोईसरच्या घराबद्दल ते खरंच आहे. परतताना रिक्षात बसले आणि बाबा आठवले.

शिरगावच्या घरात बाबा सकाळचा चहा पडवीत घेत. भाकरीसुद्धा तिथेच. मला आठवतं तसं ते कायम असंच होतं, पण नीट आठवून बघितलं तर तसं नाही. मी लहान असताना ते चुलीसमोर बसून तुझ्याशी बोलत बोलत खात. राघू घरी आला तेव्हा मी नववीत होते. तो वयात येऊन त्याच्या गळ्याला कंठाची लाल-काळी कडी उमटली, त्याच्या पुढच्या थंडीपासून बाबा पडवीत. मला एक सकाळ आता लख्ख दिसते आहे. पाऊस नाही, थंडी आहे, पडवीत वारा येतोय आणि बाबा शाल गुंडाळून बसलेत. मी म्हणते, "बाबा, आत या ना, चुलीशी." ते उठतात, स्वयंपाकघराच्या दारात येतात, एक पाय आत ठेवतात. राघू तुझ्या खांद्यावर. तो शेपटी पसरतो आणि किंचाळतो. बाबा आत ठेवलेला पाय मागे घेतात. तू हसतेस, राघूच्या पाठीवरून बोट फिरवतेस आणि म्हणतेस, "त्याला नाय आवडत. तुमी भायर बसा, देते आणून." ते गेल्यावर तू माझ्यावर चिडतेस. "सकाळचं त्यांना आत कशाला बोलावतेस? मला दोन घटका निवांत मिळतात, त्या पण बघवत नाय तुला?" तेव्हा वाटलं होतं, तुमचं दोघांचं काही भांडण झालं असेल. बाबा शेवटपर्यंत त्या पडवीत बसले. शेवटी शेवटी अंथरूणही तिथेच होतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी सगळं केलं. फळीवरचे डबे काढून ती जागा फळकूट ठोकून बंद केली. पिंजरा बाहेरच्या खोलीत आणला, संध्याकाळपासून सकाळी उशिरापर्यंत त्यावर जाड काळं कापड. खांद्यावर बसू द्यायचं नाही, घास घ्यायचा नाही. सकाळचं पहिलं खाणं धाकट्याच्या डाव्या हातून, लांबून, चमच्याने. तो बिचारा बांधल्या हातानेच रात्रभर काम करून यायचा आणि अर्धा तास पिंजऱ्याशी चमचा धरून बसायचा. काही दिवसांनी राघूने चमच्यातले दाणे घेतलेसुद्धा. ओरडणं कमी झालं. धाकटा झोपू लागला. पण राघू दिवसभर मी जिथे असेन तिकडे तोंड करून बसायचा, आणि छातीवरची पिसं एकेक उपटून खाली टाकायचा. केर काढताना मला ती हिरवी पिसं सापडायची. मी ती धाकट्याला दिसू देत नव्हते, तरी त्याला दिसली.

एका रविवारी तो बॅग भरून बाहेरच्या खोलीत आला. "ताई, मी कुंभवलीला खोली बघितली. कंपनीतले तिघं हायेत. पायी जाता येतं कामाला."

"अरे, पण आता ओरडत नाही तो. त्या केंद्रात फोन करू आपण. देऊन टाकू."

"आईचा हाय तो."

"तू पण आईचाच आहेस ना?"

तो हसला. ओठावरची खूण हसताना पांढरी होते. "तू कुलूप लावलंस ना गो, स्वयंपाकघराला," एवढंच म्हणाला. रागाने नाही. बॅग उचलली आणि पिंजऱ्याच्या बाजूने न जाता सोफ्याला वळसा घालून दाराकडे गेला. बाबा स्वयंपाकघराच्या दारावरून जायचे तसा, भिंतीच्या कडेने.

दुसऱ्याच दिवशी मी फळीवरचं फळकूट काढलं आणि पिंजरा पुन्हा स्वयंपाकघरात नेला. पिसं परत येऊ लागली आहेत. आता सकाळी घर शांत असतं. राघू थव्याला उत्तर देतो, ओट्यावर एक फेरी मारतो आणि मग माझ्या खांद्यावर येतो. केंद्राचा नंबर फोनमध्ये आहे. धाकट्याचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलते, कारण त्याचा आवाज ऐकला की राघूच्या डोळ्यातल्या बाहुल्या बारीक होतात. कुंभवलीच्या त्या खोलीत रात्री खिडकी उघडता येत नाही, वास येतो, असं तो सांगतो. खोकतो. मी जिन्यात उभी राहून ऐकते.

आई, तुला हे माहीत होतं का? राघू बाबांना बाहेर ठेवतो म्हणून तू त्याला खांद्यावर घेतलंस, की तो खांद्यावर होता म्हणून बाबा बाहेर राहिले? मला विचारायचं ते हेच होतं. उत्तर द्यायला तू नाहीस, आणि ही पानं धाकट्याच्या हाती लागू नयेत, म्हणून लिहून झाल्यावर ती मी चुलीत... माझ्याकडे चूल कुठे आहे, गॅसवरच जाळावी लागतील.

एक राहिलं. काल धाकट्याचा फोन होता. म्हणाला, "ताई, म्होरल्या महिन्यापासून मला दिवसपाली देणार हायेत. सकालचा प्रश्नच नाय आता. येऊ काय परत?" मी लगेच ये म्हणाले नाही. मी म्हणाले, "विचारून सांगते." तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. घरात विचारण्यासारखं दुसरं माणूस नाही, हे मला जिन्यातून वर येताना लक्षात आलं.