दादापाशी, चार ते सहा

३ जून, मंगळवार. संध्याकाळ.
दादाचं खुब्याचं ऑपरेशन काल झालं. वहिनीला घरी जाऊन आंघोळ-जेवण, थोडी झोप मिळावी म्हणून रोज चार ते सहा मी बसणार. सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं. सख्ख्या भावासाठी एवढंही नाही करायचं?

आज गेलो. दादा गाढ झोपेत. वेळ सत्कारणी लावला. जादा पाच शर्ट नेले होते. चष्म्याचं दुकान एकहाती चालवतो, एखाद्या दिवशी अडकलो तर खंड नको. बाथरूममध्ये बदलून दादाबरोबर पाच वेगवेगळे फोटो काढले. नर्सनं विचारलं, या पेशंटकडे आज एवढी माणसं कशी?

४ जून.
पावणेचारला गिऱ्हाईक. फ्रेम पसंत पडेना. निळ्या शर्टाचा फोटो टाकला, ‘दादापाशी. नाती जपा.’ चौऱ्याण्णव लाइक. प्रत्येकाला उत्तर देईपर्यंत साडेसहा. उद्या नक्की.

५ जून.
चौकडीचा शर्ट. मावशीनं लिहिलं, भाऊ असावा तर असा. डोळे भरून आले. त्या अवस्थेत स्कूटर चालवणं धोक्याचं, म्हणून गेलो नाही.
शेजारच्या टेलरनंही आईबरोबरचा फोटो टाकला. आई गावी असते, फोटो जुना असावा. पण समाजाला वळण लागतंय!

६ जून.
वहिनीचा फोन. म्हणाली, भावजी, तुमचा फोटो बघते आणि निवांत झोपते. आता खरं सांगून बिचारीची झोप कशाला उडवू? पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट.

७ जून.
दोघे मावसभाऊ भेटायला जाणार होते. फोटो पाहून बेत रद्द केला. म्हणाले, तू आहेस ना, मग उगाच गर्दी कशाला? वॉर्डातली गर्दी माझ्यामुळे कमी झाली. हाही एक फायदाच. करडा शर्ट.

८ जून, रविवार.
दुकान बंद. आज जाणारच होतो. पण पांढऱ्या शर्टाचा फोटो सकाळीच टाकून बसलो आणि पांढरा शर्ट नेमका धुवायला. हिरव्यात कुणी पाहिलं तर? लोक हल्ली फार संशयी. घरीच थांबलो.

९ जून. रात्र.
आज गेलो. फोटो संपले होते.

दादा जागा होता. मला बघून हसला नाही, घाबरला. हळूच म्हणाला, मी तिला रोज सांगत होतो, चार ते सहा कुणीच येत नाही. परवा पाण्याचा तांब्या घेताना पडता पडता वाचलो. तर तिनं मोबाइलमध्ये तुझे फोटो दाखवले. तू रोज येतोस आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही.

वहिनीनं हे डॉक्टरांच्या कानावर घातलंय. उद्या डोक्याची तपासणी. दादा जन्मभर गणिताचा मास्तर. डॉक्टरांना त्यानं पावकी-निमकी न अडखळता म्हणून दाखवली म्हणे. तरी वहिनीचा फोटोंवरच विश्वास.

लाज वाटली. फार लाज वाटली. सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी डबा घेऊन आली. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निभावलं. मी म्हणालो, होतं असं भुलीच्या औषधानं.

ती बाटली भरायला गेली तेव्हा दादानं उशीखालून वही काढली. म्हणाला, येशील तेव्हा इथे सही करत जा, म्हणजे मला पटेल. पट्टीनं रेघा आखल्या होत्या. मागच्या पाच तारखाही लिहिल्या होत्या.

मी पाचही तारखांपुढे सह्या केल्या. तो प्रत्येक सहीवर बोट ठेवून डोळे मिटत होता, आठवायचा प्रयत्न करत होता.