मायच्या जागेवरचा दगड

४ नोव्हेंबर, बाजार
सकाळपासून वही घेऊन ओळी मोजून राहिले. ग्रामपंचायतीला गोरेगावच्या बाजाराची वेबसाइट पाहिजे. सरपंचबाई म्हणाल्या, "बाजारासारखी दिसू दे बाई, सरकारी फॉर्मसारखी नको." ऐकायला सोपं. नकाशात प्रत्येकाची जागा काढायची, बोट ठेवलं की माणूस, त्याचा माल, त्याची हाळी.

हमीदचाचा कुलपं-छत्र्या दुरुस्त करतात ती जागा, पलीकडे रुक्मामावशीच्या मिरच्या. मधे मायची. तिचं पोतं अंथरलेलं, वर दगड. त्या ओळीत गेलेच नाही. लिंबामागून मोजली.

६ नोव्हें.
माय जाऊन तीन महिने होत आले. तिच्या बियांच्या पुरचुंड्या पत्र्याच्या डब्यात तशाच. दोडका, कारलं, वाल, भोपळा... कशावर नाव नाही, नुसता हात लावला की तिला कळायचं. पुण्यात बसून मी जगाच्या दुकानांच्या साइट केल्या आणि मायचा माल मला ओळखता येत नाही. लाज वाटते. तरी डबा उघडवत नाही.

९ नोव्हें.
नकाशा झाला. बसलेली जागा हिरवी, मोकळी पांढरी. पांढरीवर बोट ठेवलं की 'इथे बसू शकता'. नवीन येणाऱ्यांची सोय, माझंच डोकं. प्रत्येक जागेला दोनांतला एक रंग द्यावाच लागतो, तेही मीच बांधलंय. मायच्या जागेशी तासभर अडले. हिरवी कशी करू? ती कुठं येणार आहे बसायला? खोटं नको म्हणून पांढरी केली आणि लगेच चहा ठेवायला उठले. चहा काही प्याले नाही.

११ नोव्हें., बाजार
साइट सुरू. लोक आपापले फोटो बघून हसून राहिले. हमीदचाचा: "फोटू बराबर है बेटी, छत्री उल्टी पकड्या मैं." बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी.

१८ नोव्हें., बाजार
झालं ते लिहूनच टाकते. सेनगावकडचं एक जोडपं प्लास्टिकच्या बादल्या घेऊन आलं. फोनात जागा मोकळी बघितली, मायचा दगड बाजूला ठेवला, पोतं झटकून घडी घातली. नीट घातली बिचाऱ्यांनी. रु.मावशी भांडायला उठल्या, तर तो माणूस फोनच पुढं करे. मी पोचले तेव्हा सगळी ओळ माझ्याकडं बघत होती.

"तू लिवलंस?"

"मावशी, माय नाही आता. जागा रिकामीच आहे ना."

"रिकामी कशी? दगड हाय न तिथं. घरचं माणूस येतं, एक बाजार बसतं, आपल्या हातानं दगड उचलतं. मंग जागा सुटती, आमी सरकतो. तवर आमी राखतो. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

माहीत होतं. बाबा गेले तेव्हा माय त्यांच्या या जागेवर अशीच एक बाजार बसायला आली होती, मी तिच्या मांडीला चिकटून. दगड तिनं उचलला, पण उठलीच नाही. पंचवीस वर्षं तिथंच बसली.

बादलीवाली बाई म्हणाली, "ताई, आमाला काय म्हाईत, फोनात लिवलं व्हतं." लिंबाखाली जाऊन बसले दोघं. त्यांची काही चूक नाही.

१९ नोव्हें.
तिसरा रंग केला, पिवळा. 'राखलेली जागा'. आधी का नाही सुचलं? दिवसभर रडू येऊन राहिलं. हमीदचाचांनी उरलेला पावसाळाभर त्या पोत्यावर ताडपत्री ओढली आणि मी तो दगड एका बोटानं उचलला.

सरपंचबाईंचा फोन. "एकदा बसून घे. लोकं किती दिवस राखतील?" बरोबर आहे त्यांचं. पण बसले की दगड उचलावा लागेल.

२५ नोव्हें., बाजार
गेले नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता.

३० नोव्हें.
डबा उघडला. पुरचुंड्या सगळ्या तिच्या जुन्या लुगड्यांच्या. भोपळा ओळखला, वाल ओळखला. दोन पुरचुंड्यांत काळं बी. एक दोडका, एक घोसाळं. कोणतं कोणतं, नाही कळलं. फोनवर शोधता आलं असतं. नाही शोधलं.

२ डिसें., बाजार
बसले. रु.मावशींनी पोतं अंथरून दिलं. दगड मांडीशी ठेवला.

दुपारी तांड्यावरची एक आजी आली. "तू तिची लेक का? दोडक्याचं बी दे." हात दोन्ही पुरचुंड्यांवरून फिरला. शेवटी सांगितलं, "आजी, मला ओळखता येत नाही." ती खाली बसली, दोन्हीतलं एकेक बी चिमटीत चोळून बघितलं. "हे दोडक्याचं. खरबरीत लागतं बघ. तुझ्या मायनंच दावलं व्हतं मला." बी घेतलं नि गेली. मी चोळून बघितलं. खरबरीत आहे.

आवरताना रु.मावशी: "दगड उचलतीस का ठिवतीस?"

हातात घेऊन उभी राहिले. मावशी नि हमीदचाचा, दोघांनी आपलं आवरायचं थांबवलं. परत ठेवला. हमीदचाचांनी वर ताडपत्री ओढली.

घरी येऊन साइट उघडली. मायच्या जागेवर नावाचा रकाना आहे. तिचं नाव टाकलं, खोडलं. माझं टाकलं, तेही खोडलं. जागा पिवळीच आहे.