सून उलट बोलायला शिकते

शनिवार, २ मार्च

सगळ्यांत आधी आली ती चष्मेवाली. चांगला अर्धा तास आधी! सून आंघोळीला गेलेली, मुलगा कामावर, मी केस मोकळे सोडून बसलेली. "आजी, लवकर आले का मी?" म्हटलं, आलीस ते बरं झालं, बस, या घरात मला बोलायला माणूस मिळत नाही. मग लांब्या आला. दारातून वाकून आला आणि आतल्या दिव्यावर डोकं आपटलंच.

दोघं सुनेच्या वर्गातली. वर्ग म्हणजे एमबीए. ही दोघं पंचविशीची, सून चौतिशीची. खालची शेजारीण म्हणते, "तुमची सून पोरांत पोर झाली हो." होऊ दे. तिचं काय जातंय? तिची स्वतःची सून तर दिवसभर झोपते. ते जाऊ दे.

दहा वर्षं माझी सून दातांच्या लॅबमध्ये होती. कवळ्या करायची. माझीही तिनंच केली. माझे खरे दातसुद्धा इतके नीट बसले नव्हते. मग लॅब बंद पडली. काम ढीगभर होतं आणि तरी बंद! हे झालं कसं, हा किडा तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. म्हणून फायनान्स. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, शीक, पिटुकलीला मी बघते. पिटुकली म्हणजे नात. सहा वर्षांची आहे, अक्कल साठीची.

आता याच महिन्यात कंपन्या कॉलेजात येणार, मुलाखती घेणार. लांब्या म्हणाला, "ताई, यंदा लागलं तर लागलं. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील, मग आपल्याला कोण विचारतंय?" सून म्हणाली, "नाही लागलं तर पुन्हा कवळ्यांचं मेण आणि प्लास्टर आहेच." हसून म्हणाली, पण मी तोंड पाहिलं ना तिचं.

तर मुलाखतीचा सराव. लांब्या म्हणाला, "आजी, तुम्ही साहेब व्हा." मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून दिले. मी चौथीतून शाळा सोडली, पण वाचते व्यवस्थित. टेबलाच्या टोकाला बसले, चष्मा नाकावर घेतला. विचारलं, "तुमचं वय चौतीस. आमच्याकडे सगळी तरुण मुलं. तुम्हाला झेपणार नाही."

सून म्हणाली, "हो आई."

"दहा वर्षं दात केले. म्हणजे वायाच गेली की."

"हो आई."

चष्मेवालीच्या नाकातून चहा आला. मी म्हटलं, अगं, मी आई नाही, साहेब आहे. तर म्हणते, "हो आई."

रविवार, ३ मार्च

दिवसभर चैन नाही. बारा वर्षांत या मुलीनं मला एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मी बिल्डिंगभर मिरवत आले. आता बघा, नेमकं तेच आडवं आलं.

लांब्या जाताना म्हणाला होता, "मी साहेब झालो तर ताई फडाफडा बोलतात. पण तिथं समोर बसतील ती तुमच्या वयाची माणसं, आजी. तिथं हो-हो केलं की संपलं."

माझ्या वयाची म्हणे. साहेबलोक एवढे म्हातारे असतात?

मंगळवार, ५ मार्च

ठरवलं, सराव रोज. स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता.

म्हटलं, "मीठ कमी आहे भाजीत."

"घालते, आई."

"घालते काय? मीठ बरोबर आहे. मला सांग तसं."

ती थांबली. सोलाणं हातात. "मीठ बरोबर आहे, असं मला वाटतं... पण तुम्हाला कमी वाटत असेल तर घालते."

मुलगा जेवत होता, त्याला ठसका लागला. म्हणतो, "आई, तू तिला भांडायला शिकवतेस? मग माझं काय होणार?" म्हटलं, तुझं काय व्हायचं ते होऊ दे, तू गप्प जेव.

मग पडद्यांचा विषय काढला. म्हटलं, हे पडदे अगदी झकास आहेत. तिला ते कधीच आवडले नाहीत, मला ठाऊक आहे. खूप वेळ पडद्यांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "थोडे... गडद आहेत."

थोडे का होईना!

शनिवार, ९ मार्च

आज लांब्या पहिला. दिव्याला चुकवून आला आणि खुर्चीला अडखळला.

मी साहेब. विचारलं, "एवढं काम होतं तर लॅब बुडाली कशी?"

तिनं सांगायला सुरुवात केली. डॉक्टर पैसे देणार सहा महिन्यांनी, प्लास्टरवाल्याला हवेत आजच्या आज. जितकं काम जास्त तितका हात रिकामा. मालकाला वाटायचं, आणखी काम घेतलं की सुटू. आणखी घेतलं, आणखी रुतला. मला निम्मं समजलं. पण ती बोलताना हात असे हलवत होती, जणू अजून मेण कोरतेय. चष्मेवालीनं बिस्किट खायचं थांबवलं.

मी कागदावर नसलेला प्रश्न टाकला. मला उगीच खुमखुमी. म्हटलं, "हे सगळं तुम्ही पुस्तकात वाचलं असणार."

"नाही. पुस्तकात नंतर वाचलं. आधी समोर घडताना पाहिलं."

आई नाही, काही नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेले आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिले. पिटुकली म्हणाली, "आजी, तुला ओरडली का ती?" म्हटलं, हो, छान ओरडली.

गुरुवार, १४ मार्च

उद्या मुलाखत. तिनं एकच शर्ट परत परत इस्त्री केला. मी एकच फळी परत परत पुसली.

शुक्रवार, १५ मार्च

आली. चपला काढल्या. "कशी झाली?" "माहीत नाही, आई." हे काय उत्तर झालं?

सोमवार, १८ मार्च

फोन वाजला की धावते. एकदा दूधवाला, एकदा राँग नंबर. राँग नंबरवाल्या बाईशी मग बोललेच जरा. तिचाही मुलगा नोकरी शोधतोय.

गुरुवार, २१ मार्च

लागली! लागली नोकरी! कुठल्या कंपनीला कर्ज द्यायचं, कुठल्या नाही, ते बघायचं काम. मी प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगून आले. खालच्या शेजारणीला तर दोनदा सांगितलं.

संध्याकाळी मुलगा हळूच म्हणाला, "आई, नोकरी इथं नाही." दुसऱ्या शहरात. बसनं अख्खा दिवस. तो ज्या औषधांच्या दुकानात कामाला आहे त्याची तिथंही शाखा आहे, तो बदली घेणार.

माझं डोकं झरझर चाललं. म्हटलं, मग सोपं आहे. तुम्ही दोघं जा, पिटुकलीला माझ्याजवळ ठेवा. तिची शाळा इथं. माझी सवय तिला. तुम्ही दोघं रात्री घरी येणार, पोरीला तिथं कोण बघणार? मी बोलले म्हणजे ठरलं, असंच चालत आलंय या घरात. उठून कुकर लावायलासुद्धा गेले.

मागून सून म्हणाली, "नाही, आई."

मी वळले. ती उभी होती. "ती आमच्याबरोबर येईल. शाळेतून सुटल्यावर थांबायची सोय मी विचारून ठेवलीय. तुमचे गुडघे जिना चढताना दुखतात, तुम्ही सांगत नाही, पण मी रोज बघते. आणि मी शिकले ती तिला सोडून जायला नाही. तुम्ही चला आमच्याबरोबर."

साहेब झाले मनातल्या मनात. चूक शोधली तिच्या बोलण्यात. एकही सापडेना.

येणार नाही म्हटलं मी. माझी माणसं इथं, माझा डॉक्टर इथं, माझा जिना इथं. तीही मग "हो आई" म्हणाली नाही. म्हणाली, "हे मला पटत नाही."

मुलगा बिचारा कुकरच्या शिट्ट्या मोजत बसला.

शनिवार, ३० मार्च

चष्मेवाली आणि लांब्या निरोपाला आले. दोघांनाही नोकऱ्या लागल्या. लांब्या म्हणाला, "आजी, माझ्यापण मुलाखती तुम्हीच घ्यायला हव्या होत्या." खोके बांधू लागले. मी मध्ये मध्ये फिरत होते, कुणी कामच देईना.

सून म्हणाली, "आई, पडदे बदलून जाऊ?" म्हटलं, नको. "मी बदलणार आहे," म्हणाली, आणि बदलले.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज काही लिहवत नाही. पिटुकलीचा एक मोजा सापडेना, सगळं घर शोधलं.

रविवार, ७ एप्रिल

गेले सकाळी. सत्तावीस तारखेला येतो म्हणालेत. दोन दिवस राहतील.