घोट्याच्या वर पाणी

चरौदी, त्रिशूलीचा काठ
मंगळवार, दुपार

पूज्य जेठी दिदी,

तुमच्या कान्छाचा, सर्वांत धाकट्या भावाचा, लांबूनच, पण अगदी पायांवर डोकं ठेवून ढोग. आम्ही दोघं इथे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे मजेत एकटी सावित्रा आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? आणि बाकीची तब्येत? छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चालता चालता तोल जाणं असलं काही नाही ना? (नेहमीपेक्षा जास्त चौकशी करतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. कारण पुढे येईल. पत्र मधूनच सोडून शेवट वाचायची तुमची सवय आज कृपा करून आवरा.)

रविवारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मेची नदीच्या पुलावरून नेपाळात शिरलो (मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून), काठमांडूला पोचलो, पशुपतिनाथाला तुमच्या नावाने फूल वाहिलं. सावित्रा स्वयंभूच्या सगळ्या पायऱ्या चढली आणि वर जाऊन केळ्यावरून एका माकडाशी भांडली. केळं तिनेच जिंकलं. मी खूश होऊन म्हणालो, "पस्तीस वर्षं शाळेत घसा फोडलास, आता निवृत्त झालीस. बोल, तुला काय हवं?" दिदी, चाळीस वर्षं जंगलखात्यात कारकुनी केली, पण निवृत्त बायकोला असा मोकळा प्रश्न विचारू नये हे एकाही परिपत्रकात नव्हतं. मला वाटलं, पश्मिना शाल मागेल. ती म्हणाली, "मला राफ्टिंग करायचंय."

मी हसलो. ती हसली नाही.

आपल्या कालिम्पोङहून सिलिगुडीला जाताना तिस्ता नदीत त्या रबरी होड्या दिसतात ना, आत सहा-सात माणसं बसून किंचाळत असतात, त्या पाहिल्या की ती टॅक्सीच्या काचेला नाक लावून बसायची. मी म्हणायचो, "डोंगराच्या बाजूला बघ, तिकडे छान ऑर्किड फुललीत." (कधीच नसायची.) आणि ती मुकाट्याने डोंगराकडे बघायची. मला वाटायचं, तिला ऑर्किड आवडतात. परवा तिने सांगितलं, "शपथ तुम्ही घेतली होती, मी नाही. तरी मी लग्न झाल्यापासून नदीत पाऊल टाकलं नाही. कुणी मला विचारलंसुद्धा नाही." मी चहा मागवला. तो थंड झाला, मग दुसरा मागवला.

तर काल आम्ही इथे आलो. राफ्ट उद्या सकाळी इथूनच सुटतात. ज्या लॉजवर उतरलोय, त्याच्या खिडकीतून नदी दिसते, म्हणून मी खिडकीला चादर बांधली. पण ऐकू येते त्याचं काय करायचं? पलंगावर बसलं तरी असं वाटतं की खाली कुणीतरी हजार माणसांचे तांदूळ धुतंय. आमची गाइड सिर्जना गुरुङ नावाची मुलगी आहे. वय असेल सव्वीस. दंड असे की आपल्या गावच्या हमालांनी लाजावं. तिने फॉर्म भरायला दिला. "पोहता येतं का?" यापुढे मी लिहिलं, "असा प्रसंग उद्भवलेला नाही." आजार विचारले होते, तिथे जागा कमी पडली, म्हणून पुरवणी जोडली. रक्तदाब, पित्त, डाव्या कानात अधूनमधून होणारी गुणगुण, सगळं मनापासून लिहिलं. सिर्जनाने पुरवणी वाचली आणि सावित्राला विचारलं, "आमा, बा जिने चढतात का?"

"जिने चढतात, जेवतात, माझ्याशी भांडतात. फक्त घाबरतात."

"मग चालतील," ती म्हणाली आणि माझ्या डोक्याचं माप घेतलं, हेल्मेटसाठी.

मग तिने सूचना दिल्या. पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, उताणं व्हायचं, पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर. मी विचारलं, "पडलात तर, की पडल्यावर?" आमच्या राफ्टमध्ये बुटवलचं एक नवं जोडपं आहे, ते फिदीफिदी हसलं. हसू देत. लग्नाला बारा दिवस झालेत, त्यांना अजून कशाचीच भीती माहीत नाही. वाटेत पाणी पांढरं होऊन खडकांवर आदळतं, अशी आठ ठिकाणं आहेत. गाइड लोकांनी त्यांना नावं ठेवलीत. सर्वांत मोठ्या जागेचं नाव 'सासू'. मी विचारलं, सासू टाळून जाता येत नाही का? सिर्जना म्हणाली, "बा, टाळायला गेलं की ती जास्त उसळते."

आज सकाळपासून मी खोलीत सराव करतोय. सावित्रा पलंगावर बसून "पुढे! मागे! खाली बसा!" असं वर्गात ओरडल्यासारखं ओरडते आणि मी केरसुणी वल्ह्यासारखी मारतो. लॉजची मालकीण दार ढकलून आत आली, बघत राहिली, आणि काही न विचारता तिची केरसुणी घेऊन गेली.

विनोद पुरे. दिदी, मला झोप नाही, जेवण जात नाही. सावित्रा म्हणते, तुम्ही काठावर बसा, मी जाते. पण तिला त्या पाण्यात एकटी सोडून मी काठावर बसू शकत नाही. काठावर बसणं म्हणजे काय, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

तुमचा आज्ञाधारक,
कान्छा (नरोत्तम)

ता. क. — आता मूळ काम. आपला साइला दाइ, माझ्याहून मोठा भाऊ, रेली नदीत वाहून गेला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. तेराव्याच्या दिवशी तुम्ही माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलंत की नदीचं पाणी घोट्याच्या वर येऊ देणार नाही. एक्कावन्न वर्षं मी ते पाळलं. फायली हाताळलेला माणूस आहे, म्हणून पळवाटाही शोधल्या. राफ्टमध्ये पाय रबरावर असतात, नदीत नसतात. पण सिर्जना म्हणते, राफ्टमध्येही पाणी गुडघ्यापर्यंत भरतं. शपथ तुमच्या डोक्याची आहे. मोडली तर मला काही होणार नाही, तुम्हाला होईल. म्हणून तब्येत विचारली. मला शपथेतून मोकळं करा.

ता. क. २ (बुधवार, संध्याकाळ) — हे पत्र तुम्हाला आजच्या आत पोचणं शक्य नव्हतं, हे मला काल लिहितानाच माहीत होतं. आम्ही जाऊन आलो.

'सासू'मध्ये राफ्ट उभी राहिली. अतिशयोक्ती नाही, उभी राहिली. बुटवलचा नवरदेव बायकोला सोडून माझ्या गळ्यात पडला. मी सगळ्या देवांची नावं घेतली, काहींची दोनदा. सावित्रा वल्हं मारत हसत होती. इतक्या मोठ्याने हसताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

पुढे नदी शांत झाली. सिर्जना म्हणाली, हवं त्यांनी पाण्यात उतरा, जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवेल. सावित्राने लगेच उडी मारली. मी राफ्टची दोरी दोन्ही हातांनी धरून बसलो. ती पाण्यातून म्हणाली, "अहो, या ना." ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मी उतरलो, दिदी. कुणी ढकललं नाही. पाणी इतकं गार की श्वासच अडकला. मग उताणा झालो, पाय पुढे, बोटं बाहेर. कान पाण्याखाली गेले आणि तो तांदूळ धुतल्याचा आवाज एकदम थांबला. वर नुसतं आभाळ.

आणि मला साइला दाइचा चेहरा दिसला. इतकी वर्षं मला रेलीकाठी दगडावर काढून ठेवलेल्या त्याच्या चपलाच तेवढ्या आठवायच्या, त्याच्या पुढे काही यायचं नाही. काल-परवापर्यंत विचारलं असतं तर मला त्याचा चेहरा सांगता आला नसता. त्याचा पुढचा दात अर्धा तुटलेला होता ना? पेरूच्या झाडावरून पडून? आणि हसताना तो दात लपवायला ओठ वाकडा करायचा? मी विसरलो होतो, दिदी. त्याचं हसू मी विसरलो होतो. पाण्यातच मला रडू आलं. नदीत रडलेलं कुणाला कळत नाही, ही एक सोय आहे.

काठावर आल्या आल्या ओल्या कपड्यांनीच तुमच्या शेजारणीला फोन लावला. म्हटलं, दिदी कशा आहेत, पडल्याबिडल्या नाहीत ना? ती म्हणाली, "छतावर मिरच्या वाळवतायत आणि मला शिव्या देतायत, माझी मांजर मिरच्यांवर बसली म्हणून." तेव्हा कुठे मला भूक लागली. तळलेले मासे एकट्याने सहा खाल्ले.

ता. क. ३ (सोमवार, कालिम्पोङ) — पत्र टपालात टाकलंच नाही. तोंडाने सांगायचा धीर होत नाही, म्हणून सावित्रा ते तुमच्या हातात देईल. मी बाहेर अंगणात उभा आहे. रागावला असाल तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको.

ता. क. ४ — साइला दाइ गेल्यापासून तुम्हीही रेलीला गेलेल्या नाहीत. मला बंदी घातलीत, पण स्वतःलाही घातलीत, हे मला परवाच कळलं. राफ्ट नाही, हेल्मेट नाही, नुसतं काठावर बसू. जमलं तर पाय बुडवू, नाही जमलं तर परत येऊ. बाहेर जो हॉर्न वाजतोय तो आपल्याच गाडीचा आहे, सावित्राने न विचारता ठरवली. ड्रायव्हर घाई करतोय. शाल घ्या, नदीवर वारा असतो.