जाळीखालची फळी

सोमवार, ५ फेब्रुवारी

नणंदेनं पाठवलेलं खोकं आलं एकदाचं. आत छोटं ट्रॅम्पोलिन – गोल, काळं, चहाच्या टेबलाएवढं, पुढे धरायला उभा दांडा. नवऱ्यानं सकाळभर स्प्रिंगा ताणून बसवल्या आणि स्वतःचं बोट चेमटवून घेतलं. आईंनी – सासूबाईंना मी आईच म्हणते – जाळीवर एक थाप मारून पाहिली आणि त्याचं बारसंच उरकलं. म्हणे, तबला!

मला मात्र ते बघून त्यांचं पडणंच आठवलं. बाथरूममध्ये पडून त्यांचं मनगट मोडलं, त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मी तेव्हा बाहेर फोनवर गप्पा मारत होते. तेव्हापासून माझा दंड धरल्याशिवाय त्या जिना उतरत नाहीत. आणि आता या बाईंना उड्या मारायच्यात.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्ट बाई घरी येऊन शिकवून गेल्या. उड्या नाहीतच मुळी. पावलं उचलायचीही नाहीत, नुसतं गुडघ्यांतून हलकं खालीवर व्हायचं. मग दांडा धरून जागच्या जागी चालायचं. जमलं की एक हात सोडायचा. "कडक जमिनीवर दणका गुडघ्याला बसतो. इथे तो जाळी घेते," असं काहीतरी म्हणाल्या. आणि पायाखालचं सतत हलतं राहिलं की घोट्याचे बारीक स्नायू कामाला लागतात, तोल त्यांनीच सांभाळायचा असतो. झोपही बरी लागते म्हणे.

आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "समोरच्या इमारतीत माझी मैत्रीण राहते. दोन जिने आहेत. एकटीनं जाता येईल मला?"

"नेमानं केलंत तर उन्हाळ्यात जाल."

चेहरा असा काही खुलला त्यांचा! तिथे त्यांचा पत्त्यांचा डाव बसतो. सोडायला मी, आणायलाही मी. "हिच्या घड्याळावर आमचा डाव मोडतो," असं त्यांनी बाईंना सांगितलं. टोमणा मला होता. पोचला.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज पाय जाळीत दबला आणि आई डावीकडे कलल्या. हातात दांडा होता, सावरल्या. हसल्यासुद्धा. किंचाळले ती मी.

नवरा म्हणतो, "अगं, कलायलाच तर उभी आहे ती त्यावर. कलल्याशिवाय तोल यायचा कसा?" याचं काय जातंय बोलायला? हा दिवसभर बाहेर. पडल्या तर उचलणार मी, दवाखान्यात बसणार मी, आणि नणंद विचारणार तेही मलाच – "तू कुठे होतीस?" गेल्या वेळी विचारलंच होतं. ते अजून उतरलेलं नाही मनातून.

सोमवार, १२ फेब्रुवारी

मी अर्धा दिवस कामाला जाते त्या दुकानात फोटोंच्या चौकटींना पाठीमागून लावतो त्या प्लायवुडचा मोठा तुकडा उरला होता. मालकांना विचारून घेतला. गोल कापला, कडा घासल्या, खाली चौकटीच्या लाकडाचे ठोकळे ठोकले. काचा नि लाकडं कापण्यात हयात गेली माझी, तासाभराचं काम. आई अंघोळीला गेल्या तेव्हा जाळीखाली सरकवलं. आता जाळी फळीवर टेकते. बोटभर दबते आणि थांबते. कडेनं काळं कापड लावून टाकलं. आत धूळ जाते, असं घरात सांगितलं.

कोणाला पत्ता नाही. आज हलकं वाटतंय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आई म्हणाल्या, "आज तबला बोलत नाहीये गं." मी म्हटलं, स्प्रिंगा नव्या आहेत, बसतील हळूहळू. काय पण लोणकढी थाप! पण कलल्या नाहीत एकदाही. मी कितीतरी दिवसांनी खुर्चीत टेकून चहा प्यायले. गरम असताना.

बुधवार, २१ फेब्रुवारी

दोन्ही हात सोडून चालतात आता. ताठ. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मान झुकवून दाद घेतली, वर "तिकीट लावू या का?" असंही विचारलं. फिजिओ बाईंना फोनवर सांगितलं, तर त्यांनाही नवल वाटलं. इतक्या लवकर?

सोमवार, ४ मार्च

गुडघे सुजलेत. उजवी टाच टेकवत नाहीत. "वय झालं, दुसरं काय," म्हणतात. शेक दिला, मलम चोळलं. चोळता चोळता बाईंचं बोलणं आठवलं आणि हात थांबले. दणका जाळी घेते. फळी कशाची घेणार? रोज सकाळी मी त्यांना लाकडावर पाय आपटायला लावत होते. वर टाळ्या वाजवत होते.

दुपारी फळी काढायला हात घातला. मग भीती वाटली – त्यांना हात सोडायची सवय लागलीये. पायाखालचं एकदम हलायला लागलं तर? हात सोडलेले असताना पडतील. काढली तरी पंचाईत, ठेवली तरी पंचाईत. काही दिवस बंद ठेवा, एवढंच सांगितलं. खरं सांगायचं तर तोंडाशी आलं होतं. गिळलं. कशी आहे मी?

मंगळवार, १२ मार्च

फिजिओ बाई आल्या. गुडघे दाबून बघितले. "यानं दुखायला नको होतं." मग खाली बसल्या, काळं कापड वर केलं आणि फळी ओढून बाहेर काढली.

"हे कोणी घातलं?"

नवऱ्यानं आधी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. कापणी ओळखली असणार.

आई म्हणाल्या, "मीच घालून घेतलं. भीती वाटते हो."

मी तशीच उभी! त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या आणि मी ते बोलू दिलं. बाई रागावल्या नाहीत. सूज उतरेपर्यंत विश्रांती, मग पहिल्यापासून सगळं, एवढंच म्हणाल्या. उन्हाळ्याचं नाव काढलं नाही त्यांनी. आईंनीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही, हेच मला फार लागलं.

गुरुवार, १४ मार्च

शेवटी बोलले. आई पलंगावर एकट्याच पत्ते मांडून बसल्या होत्या. चुकलं माझं, म्हटलं. फळी मी घातली.

"पायाला कळत नाही होय? पहिल्याच दिवशी कळलं."

मग बोलला का नाहीत?

"तू इतकी निवांत चहा पीत बसली होतीस. म्हटलं, राहू दे."

रडले. लहान पोरीसारखी रडले. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. त्यांचे गुडघे मी घालवले आणि समजूत त्या माझी काढत होत्या. मी शप्पथ घेतली – यापुढे मध्ये येणार नाही. फक्त दांडा सोडू नका. आणि मी घरी असतानाच करा. आणि मी मागे उभी राहीन. हात लावणार नाही, नुसती उभी राहीन.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पत्ते गोळा करून ठेवले.

शनिवार, १६ मार्च

फळी दुकानात नेऊन तिचे तुकडे केले. मालक म्हणाले, "कापली होतीस मात्र सुरेख." काचा पुसत बसले.

बुधवार, २० मार्च

सूज उतरली. आई बराच वेळ नणंदेशी फोनवर बोलत होत्या. मी गेले की विषय बदलायच्या. विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, आमच्या मायलेकींचं."

रविवार, २४ मार्च

आई नणंदेकडे गेल्या. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. ट्रॅम्पोलिन घेऊन. दाराशी मी विचारलं, माझं काय कमी पडलं? त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला.

"काही कमी नाही पडलं. पण तू मला पडू देणार नाहीस गं. म्हणून जाते."